जळलेल्या उतारावरची चौकी

माझी शेवटची पोस्टिंग उत्तराखंडात होती. इंजिनिअर रेजिमेंटची एक तुकडी घेऊन मी एका नाल्याच्या तोंडाशी पूल बांधत होतो. मी सुभेदार रफीक तांबोळी, पुण्यात मंडईमागे वाढलेला. तुकडीत पुणे जिल्ह्यातला आणखी एकच माणूस होता, लोणी काळभोरचा हवालदार भानुदास काळे. इतरांशी हिंदी चालायची. आम्ही दोघं मराठीत बोलायचो.

मे महिन्यात आमच्या वरच्या उतारावरचं चीडचं, म्हणजे पाइनचं, जंगल पेटलं. पाच दिवस जळत होतं. विझलं तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून डॉ. वैशाली गायकवाड आल्या. कर्वेनगरला राहणाऱ्या, भूशास्त्रज्ञ. दरड कधी कोसळेल याचा अंदाज बांधणं हेच त्यांचं काम. त्या मला उतारावर घेऊन गेल्या, राख बाजूला केली आणि बाटलीतलं पाणी मातीवर ओतलं. पाणी मुरलं नाही. थेंब थेंब होऊन घरंगळत खाली गेलं.

"आग विझली म्हणून पेढे वाटले असतील तर परत मागवा, तांबोळीसाहेब."

मग त्यांनी समजावून सांगितलं. झाडपाल्यातला मेणासारखा अंश आगीत वितळून मातीत उतरतो आणि थिजतो. तेल लावलेल्या कागदासारखा थर होतो. पाऊस आत जात नाही, वरच्या वर सुटतो आणि जाताना राख, माती, दगड, ओंडके सगळं घेऊन नाल्यात उतरतो. नाल्याच्या तोंडाशी आमचा कॅम्प आणि मजुरांची छावणी होती. बायकापोरं धरून चौऱ्याऐंशी माणसं.

"दिवसभर रिमझिम पडली तर मला काळजी नाही," मॅडम म्हणाल्या. "पंधरा मिनिटं झोडपून काढलं तर आहे."

त्यांनी पर्जन्यमापकाच्या काचेवर लाल रंगाने रेषा मारली. पाऊस सुरू असेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी भांडं वाचायचं आणि रिकामं करायचं. त्या वेळात पाणी रेषेला पोचलं तर खाली माणूस ठेवायचा नाही. आपोआप मोजणारं यंत्रही लावलं होतं, पण जोराचा पाऊस आला की त्याचा सिग्नल तुटायचा. म्हणजे नेमका हवा तेव्हा. म्हणून डोंगराच्या सोंडेवर पत्र्याची चौकी उभी केली आणि तिथे काळेंना बसवलं.

"कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं.

"गावाकडं उसाला पाणी द्यायला असाच बसायचो, साहेब. हितं तर छप्पर हाय."

मॅडम पुण्याला परतल्या. रोज सकाळी ढगांची चित्रं बघून फोन करायच्या. जुलैत दोनदा पाणी रेषेला लागलं. दोनदा आम्ही कॅम्प रिकामा केला. दोन्ही वेळा काही आलं नाही. मजूर भिजले, स्वयंपाक वाया गेला, मुकादम माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या खेपेच्या संध्याकाळी फोनवर मॅडमचा आवाज पडलेला होता. रेषा वर सरकवावी का, असं त्यांनी काळेंनाच विचारलं.

"नका सरकवू, मॅडम. दोन्ही टायमाला वरचं पाणी काळं झालं होतं. दगडबी हलले. आपल्यापर्यंत पोचले नाहीत, एवढंच."

मॅडम म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सांगितलं? लिहून पाठवा."

काळेंनी त्याच दिवशी वहीचं पान भरून पाठवलं. रेषा तिथेच राहिली.

ऑगस्टमधल्या एका दिवशी सकाळी अकराला मॅडमचा फोन आला. "आज दुपारी तुमच्या डोक्यावर ढग येतोय. जुलैतल्या दोन्हींपेक्षा हा मोठा." मी सामान बांधून ठेवायला सांगितलं. पाऊस चौदा पन्नासला सुरू झाला. पंधरा वाजून चौदा मिनिटांनी वायरलेस सेट वाजला.

"बेस, वरची चौकी. पाणी रेषेला लागलं. पंधरा मिनिटं व्हायला अजून सहा बाकी हायेत. ओव्हर."

म्हणजे पंधरा पाचला रिकामं केलेलं भांडं नऊ मिनिटांत रेषेला पोचलं. मी शिट्टी दिली. मुकादम तंबूच्या दारात उभा राहिला. "फिर से, साहब?"

"फिर से."

तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यानेच पोरं उचलायला सुरुवात केली. शेवटचं कुटुंब वरच्या सपाटीवर पोचलं तेव्हा पंधरा एकोणतीस झाले होते. हजेरी घेतली. चौऱ्याऐंशी.

पंधरा तीसला सेट पुन्हा वाजला. "बेस, वरची चौकी. खाली नाल्यात गावातल्या दोन बायका हायेत. चाऱ्याचे भारे घेऊन पलीकडनं येतायत. हाक ऐकू जात नाही. उतरू का? ओव्हर."

काळेंची चौकी सोंडेवर होती. तिथे त्यांना धोका नव्हता. नाल्यातली ती जागा त्यांच्यापासून तीन मिनिटांवर होती, आमच्यापासून वीस.

मी म्हणालो, "जा."

"रॉजर."

पुढचं त्या बायकांनी सांगितलं. काळेंनी त्यांना भारे टाकायला लावले. धाकटी पटकन वर चढली. थोरलीला चढवेना. काळेंनी तिला खालून खांद्यावर घेऊन वर ढकललं आणि धाकटीने हात धरून ओढलं. काळे सगळ्यांत खाली होते.

आम्ही आधी आवाज ऐकला. मग काळा लोंढा वळणावरून आला, घराएवढे दगड घेऊन. पूल गेला. तंबू होते तिथे पुरुषभर चिखल साचला. पंधरा छत्तीस. मी सेटवर काळेंना हाका मारत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते खालच्या अंगाला सापडले.

काळेंचं मॅडमना मीच फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाकी सगळे वाचले?" मी म्हणालो, "सगळे."

मी आता निवृत्त होऊन पुण्यात आहे. मार्चमध्ये आसपासच्या टेकड्यांवर वणवा लागला की मॅडमचा फोन येतो. "वेळ आहे का? पाणी ओतून बघू." आम्ही जातो. त्यांची यंत्रं आता सुधारली आहेत, पावसातही बोलतात. कोणतं यंत्र बसवलं तरी त्या सोबत एक वही देतात. तिच्यातल्या एका रकान्यात नाल्याचं पाणी कसं दिसतंय ते माणसाने डोळ्यांनी बघून लिहायचं. तो रकाना काळेंमुळे आला, हे त्या यंत्र वापरायला शिकवताना प्रत्येक वर्गात नावानिशी सांगतात.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी लोणी काळभोरला गेलो. काळेंच्या पत्नी, सुमनताई, ओट्यावर लसूण सोलत होत्या. बसायला सांगितलं. बराच वेळ शेताचं, पावसाचं बोलणं झालं. मग खाली बघूनच त्यांनी विचारलं, "त्यांना तुम्ही पाठवलं, का ते आपले आपण गेले?"

"त्यांनी विचारलं, ताई. मी जा म्हणालो."

त्यांचा हात थांबला.

"इचारलं व्हय," त्या म्हणाल्या. "घरी कधी कशाला इचारलं न्हाई त्यांनी."

आणि चहा ठेवायला आत गेल्या.