जामीनदाराची हाक

लातुरात शिवणाचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे कात्री होती, पायाची जुनी मशीन होती आणि शहरात आपलं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं. नवरा नोकरीपायी हदगावहून इथे घेऊन आला आणि लवकरच वारला. मुलगा पुण्याला. खोली शोधताना आडनाव सांगितलं की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही बौद्ध, हे मी कधी लपवलं नाही. खोल्या कमी मिळाल्या, इतकंच.

मोटारवाली मशीन घ्यायला कर्ज हवं होतं. मोठ्या बँकेनं तारण मागितलं. मग एका गिऱ्हाइकानं पतसंस्थेचं सांगितलं. मुस्लिम व्यापाऱ्यांनी काढलेली, आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना बिनव्याजी देणारी. थोडं सेवाशुल्क, बस्स. अट मात्र मेली नेमकी माझ्या मुळावर येणारी: जामीनदार त्याच गल्लीतला दुकानदार हवा, नातेवाईक चालणार नाही.

"गल्लीत मला कोण ओळखतं?" मी म्हटलं.

"तेच तर आम्हाला बघायचंय, ताई," तिथले साहेब म्हणाले. मला तिथेच रडू आलं.

समोर बेकरीवाले चाचा होते. खारी घेण्यापलीकडे त्यांच्याशी बोलणं नव्हतं. मन घट्ट करून गेले. त्यांनी हातांचं पीठ झटकलं. "गल्लीत सगळ्यात आधी तुमचंच शटर वर जातंय. करतो सही."

कर्जदाराचं दुकान रोज उघडतंय का, यावर जामीनदारानं नजर ठेवायची, ही संस्थेची रीत. हप्ता थकला तर त्याच्याच खिशाला चाट. त्यामुळे रोज सकाळी समोरून हाक यायची, "आल्या का ताई?" मी ओरडायचे, "हाव, आले!" आधी राग यायचा. मी काय पळून जाणार होते? मग एकदा तापानं दुकान बंद राहिलं, तर चाचा विचारत विचारत खोलीवर आले. दारातूनच टोस्टचा पुडा दिला आणि गेले. मुलाला तो ताप रविवारी फोनवर कळला.

कर्ज फिटलं. संस्थेत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि उगाच कुलूप हातात धरून उभी राहिले. हाक आली नाही. चाचांचं काम संपलं होतं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. नंतरही आली नाही. मशीन चालत होती, बायका येत होत्या, पण मी आले की नाही याची पंचाईत कुणालाच नव्हती. मेले असते तरी ब्लाउज न्यायला आलेलीलाच आधी कळलं असतं, आणि ती ब्लाउजसाठीच हळहळली असती.

शेवटी मी पिकोच्या मशीनसाठी नवा अर्ज भरला. गरज काडीची नव्हती. कागद घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी सही केली, मग माझ्या चिमूटभर दुकानाकडे बघितलं.

"मशीन ठेवणार कुठं? जागा तर न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग भट्टीकडे वळले. माझी चोरी पकडली गेली होती. तो कागद संस्थेत द्यायचा धीर मला झाला नाही. पर्समध्येच राहिला.

सकाळी शटर अर्धं वर गेलं असेल, तेवढ्यात समोरून आवाज आला.

"आल्या का ताई?"

कर्ज नव्हतं, हप्ता नव्हता. "हाव, आले!" मी ओरडले आणि उरलेलं शटर वर ढकललं.