कोंबड्यांनी खाल्लेले गप्पी

हिवताप हटवणाऱ्यांसोबत एक दिवस घालवून तुमच्यासाठी लिहायचं, म्हणून पुण्याहून डासांचं मलम, अगरबत्ती आणि लांब बाह्यांचे तीन शर्ट घेऊन निघालो. कर्जतला उतरल्यावर कळलं, पिशवी गाडीतच राहिली.

खालापूरच्या वाटेवरच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका सुजाताताई भेटल्या. म्हणाल्या, "वाड्यांवरचा ताप आटोक्यात आलाय. आता त्रास नव्या इमारतींचा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं. मजूर आज इथे, उद्या नेरळला. गोळ्या अर्ध्यावर सोडतात आणि ताप सोबत नेतात."

अशाच एका खड्ड्याशेजारी पत्र्याच्या खोपटात पार्वती राहत होती. सातवा महिना चालू, आणि नवऱ्याला नुकताच हिवताप झालेला.

"तिला ताप आला तर दोन जिवांना धोका," ताई म्हणाल्या. " खड्डा उपसला तरी पुन्हा भरतो. आज त्यात गप्पी (डासांच्या अळ्या खाणारे चिमुकले मासे) सोडायचेत. आणि दादा, साठलेलं पाणी दिसलं की ओतून द्यायचं, एवढं लिहाच."

त्या रक्त तपासायच्या काचपट्ट्या आणायला आत गेल्या. मी मागच्या अंगणात गेलो. तिथे एक टब, हिरवट पाणी, आत काहीतरी वळवळतंय. सरकारी उपकेंद्रात ही अवस्था! मी टब उलथा केला. शेजारच्या कोंबड्या पंगतीला बोलावल्यासारख्या धावत आल्या.

"दादा, टब?"

"ओतला! अळ्याच अळ्या होत्या!"

ताई कोंबड्यांकडे बघत राहिल्या. "गप्पी होते ते."

कोंबड्या चोची पुसत होत्या.

"आता ठमाबाईंकडं जायचं," ताई स्कूटर काढत म्हणाल्या. "तिथं तोंड तुम्ही उघडायचं."

डोंगराखालच्या ठाकरवाडीत ठमाबाई सिमेंटच्या टाकीवर पहारा देत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी याच बाई काठी घेऊन आडव्या आल्या होत्या, 'आमच्या पाण्यात मासं सोडून घाण करता?' म्हणून. नंतरच्या दोन्ही पावसाळ्यांत वाडीत एकालाही थंडीताप आला नाही. टाकीतले मासे मात्र वाढतच गेले.

मी गुन्हा कबूल केला. ठमाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मासं मारायला पुण्यासनं इथवर आलास व्हय रं? आमच्या वढ्यावर तरी जायचंस!"

मग त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. ओढ्यातली मासळी इथल्या बायका अशीच पकडतात. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पहिल्या खेपेला माझंच टोक सुटलं. दुसऱ्या खेपेला पातेलं भरलं.

निघताना तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक मासळीची) चटणी पुढे आली. "खा रं. हे मेलेलंच हायत, तुझं पाप नाय."

बांधकामावर आधी ताईंनी पार्वतीच्या नवऱ्याला शेवटची गोळी समोर उभं राहून गिळायला लावली. मग मी पातेलं उचलायला वाकलो.

"दादा, तुम्ही नको," ताई म्हणाल्या, आणि ते पार्वतीच्या हातात दिलं.

"हे काय करणार, ताई?"

"तुझ्या बाळाची राखण."

तिने अलगद ओतलं. काळ्या पाण्यात चमचमत मासे पांगले.

परतीच्या वाटेवर, भिजल्या पँटीत, मोठमोठे विचार सुचत होते. पण त्या दिवसाचं खरं काम ठमाबाईंच्या पातेल्याने केलं होतं, त्यामुळे ते गिळून टाकले.

तीन महिन्यांनी ताईंचा निरोप आला: "पार्वतीला मुलगी झाली. दोघींना ताप नाही. कोंबड्याही मजेत."