रुमालाखालची बोटं

आमचे अब्बा मूर्तिजापूरच्या बैलबाजारात दलाल. तिथे भाव तोंडानं सांगत नसत. अब्बा शेतकऱ्याचा हात रुमालाखाली घेत आणि बोटं दाबून गिऱ्हाइकाचा भाव सांगत. जितकी बोटं, तितके हजार; पाचाच्या वर पुन्हा पहिल्या बोटापासून. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नसे. सौदा जमला की गोड चहा. फिसकटला, तर राग उतरावा म्हणून पुन्हा गोड चहा. चाऱ्याअभावी गोठे रिकामे होत असलेली ती वर्षं. बाजार तुडुंब, चहालाही तोटा नव्हता. मधुमेहाच्या गोळ्या अब्बांनी "आता बरं वाटून राह्यलं" म्हणून कधीच सोडल्या होत्या.

एका आठवड्यात त्यांचा उजवा हात मनमानी करू लागला. बोटं वळवळत, मनगट फिरे, मधूनच कोपराला झटका बसे. झोपले की सगळं शांत. अम्मीनं नजर उतरवली. अब्बा म्हणाले, थकवा आहे, आणि बाजाराला गेले.

तिथे व्हायचं तेच झालं. एका शेतकऱ्याला सात सांगायचे होते, बोटांनी आठ सांगून टाकले. रुमाल काढून पैसे मोजताना अब्बा सात हजार म्हणाले, तसा तो भडकलाच.

"भाई, रुमालाखाली एक अन् तोंडानं दुसरं? अशी बेइमानी काहून करून राह्यले?"

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली. अब्बा घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत. आयुष्यभराची इमानदारी एका दुपारी गेली, एवढंच ते घोकत बसले. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. अरे, पण हाताचं काय?

मी त्यांना अक्षरशः ओढत अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. साखर बेसुमार वाढली की क्वचित मेंदूचा हालचालींवरचा ताबा सुटतो, म्हणाले. साखर उतरली की बहुतेकांचा हात थांबतो. माझा जीव भांड्यात पडला. अब्बांचं भलतंच.

"डॉक्टरसाब, म्हंजे मी बेइमान नाही ना? मले ते कागदावर लिहून द्या."

डॉक्टर हसले, पण दिलं लिहून.

इन्सुलिन सुरू झालं, चहातली साखर गेली, अब्बांची चिडचिड वाढली. काही आठवड्यांनी हात निवला. पहिल्याच बाजाराला ते तो कागद घेऊन थेट त्या शेतकऱ्यापुढे उभे राहिले. मी मागे होतो.

शेतकऱ्यानं कागदाकडे पाहिलंही नाही.

"ठेवा तो खिशात, भाई. माहा बैल अजून विकाचाच हाय. आना हात."

अब्बांना रुमाल काढायचंही सुचेना. भर बाजारात ते नुसते रडत उभे राहिले.