मामांच्या पिकअपचे दोन सायलेन्सर

अख्ख्या भिवंडीत वस्तू कानाने विकत घेणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा. कलिंगड सगळेच वाजवून घेतात. मामा प्लास्टिकची खुर्चीसुद्धा वाजवून घेतात. एकदा पंखा आणायला गेले, तर दुकानदाराला अकरा पंखे लावून दाखवायला लावले आणि बारावा, न लावलेला, उचलून आणला. "त्या अकरांत दम नव्हता," एवढाच खुलासा. माझ्यासाठी मुलगी बघून आले तेव्हा घरच्यांनी उंची विचारली, शिक्षण विचारलं. मामांना यातलं काही म्हणता काही सांगता येईना. "आवाज चांगला हाय पोरीचा. लवकर गरम न्हाय व्हायची," असा अहवाल त्यांनी दिला. लग्न झालं. अहवालाच्या दुसऱ्या भागाबद्दल मी अजून घरात चकार शब्द काढलेला नाही.

हा कान त्यांना लूमने दिला. नारपोलीत त्यांचे कापड विणायचे सोळा लूम होते, पस्तीस वर्षं चालले. समोरच्या टपरीवर चहा पिता पिता मामा एकदम "सात नंबरचा धागा गेला!" म्हणून अर्धा कप टाकून धावायचे, आणि गेलेला असायचा सात नंबरचाच. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय अशी जडली की त्यांची कुजबुज म्हणजे जाहीर सभाच. एका लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी माझ्या कानाशी लागून "भाजीत मीठ न्हाय" म्हटलं, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून आचारी मिठाचा डबा घेऊन आला. मी ताटात तोंड घातलं ते पंगत उठेपर्यंत वर काढलं नाही.

पुढे लूम भंगारात गेले आणि मामांनी पिकअप घेतली. नारपोलीतून कापडाचे तागे भरायचे, वडप्याच्या गोदामात उतरवायचे. पैशांसाठी नव्हे हो. घरात बसलो तर गंज चढेल, ही त्यांची भीती, आणि ती खरीच होती. पण दोन वर्षांत पिकअप दोन्ही बाजूंनी खरवडून निघाली. मागून हॉर्न मारणाऱ्याला हा माणूस बाजूच देत नाही, अशा तक्रारी घरापर्यंत यायला लागल्या. शेवटी त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, मामीसमोर निक्षून म्हणाला, "बाबा, आता एक जरी ओरखडा दिसला ना, तर गाडी विकून टाकणार." मामीने मान डोलावली, म्हणजे तिचंही तेच मत होतं.

मामांचं निदान मात्र वेगळं. "दोष गाडीचा हाय. कंपनी हल्ली गाड्या मुक्या काढते. इंजिन ऐकूच न्हाय आलं तर माणूस चालवील कसा?" त्यावर उपाय म्हणजे एकाच्या जागी दोन सायलेन्सर, तेही आपल्या पसंतीने बनवून घेतलेले. आणि या खरेदीला सोबत कोण? अर्थात मी. भाच्याला नाही म्हणता येत नाही, हे मामांना पक्कं ठाऊक.

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत एक म्हातारे वेल्डर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे माझे तीन रविवार वाया गेले. पहिल्या रविवारी मामांनी पाइप निवडला. ओळीने मांडलेल्या पाइपांवर पाना मारत गेले. स्टेनलेस स्टील "नुसतं कोकलतं", साधं लोखंड "बोलतं". दुसऱ्या रविवारी मापावरून वाद. चाचा दोन इंचांवर अडून बसले, मामा तीनवर, अडीच ठरलं. तिसऱ्या रविवारी चाचांनी दोन्ही तोंडं एकाच बाजूला काढायचं सुचवलं, कामही सोपं पडलं असतं. मामा भडकले. "एक डावीकडं, एक उजवीकडं! दोन्ही कानांना सारखा वाटा पायजे." चाचांनी हात जोडले. "मामा, ये आवाज सुनके पोलिसवाला चाय छोडके उठेगा." मामा म्हणाले, "उठू दे. पुढच्या तारखेला दंड भरीन, आज वेल्डिंग मार."

बसवून झाल्यावर चाचांनी गाडी सुरू केली, आणि बापरे! समोरच्या दुकानातली काच थरथरली, वरच्या मजल्यावरून एक बाई शिव्या देऊ लागली. मामा दोन पाइपांच्या मधोमध उभे होते. "आता कसं!" ते म्हणाले. लूम विकल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला शेजारी बसवून ते वडप्याकडे निघाले. इंजिनचा प्रत्येक हुंकार मला समजावून सांगत होते. नाका मागे पडला आणि मला सायरन ऐकू आला. मागे रुग्णवाहिका होती. मला वाटलं, मामा बाजू देतील. ते सांगतच राहिले. "मामा, बाजूला घ्या!" मी ओरडलो. तेही त्या गडगडाटात बुडालं. शेवटी मी त्यांचा दंड धरून मागे बोट केलं. त्यांनी आरसा बघितला, दचकून गाडी कडेला घेतली. रुग्णवाहिका निघून गेली. त्यांनी इंजिन बंद केलं.

"कधीपासून वाजवत होता?"

"आत्ताच आला, मामा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लूमच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. "भाच्या, पस्तीस वरसं तोंडं वाचली मी. खरं बोल."

"नाक्यापासून."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली, खाली उतरले आणि वळसा घालून माझ्या दाराशी आले. मी ड्रायव्हरच्या जागेवर सरकलो.

"गाडी विकू नको म्हणावं पोराला," ते म्हणाले. "मी बाजूला बसून येत जाईन."

माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी रस्त्याकडे बघतच म्हटलं, "नाही विकणार."

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग माझ्या ध्यानात आलं. मी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि सावकाश म्हटलं, "नाही विकणार, मामा."