भुयारातला नवरदेव

काय काय म्हणून सांगू तुम्हाला! मुलगी बघायला जाऊन जमिनीखाली अडकलेला नवरदेव कधी ऐकलाय? तो मीच.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी मिरजेत इतिहासाचा मास्तर. उंब्रजचे माझे मामा, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, मला साताऱ्याला घेऊन गेले. मुलीचं नाव शालन. पोहे झाले, चहा झाला, पण तिच्याकडे धड बघायचं धाडस काही होईना. तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "मास्तर, आमच्या परसात भुयार हाय. थेट अजिंक्यताऱ्यावर निगतं म्हंत्यात."

आता गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "कुठल्या काळातलं आहे, ते आत जाऊन बघावं लागेल."

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. पण शालन दारातनं बघत होती हो! घेतली बॅटरी आणि उतरलो.

आधी वाकून, मग रांगत, मग चक्क पोटावर. एका वळणावर बॅटरी हातातनं सुटली आणि विझली. काळोख असा, की डोळे उघडे आहेत का मिटलेत तेच कळेना! मागं सरकावं तर कोट दगडात अडकलेला. वाटलं, संपलं! उद्या शाळेत पोरं म्हणणार, सर इतिहासजमा झाले.

"वाचवा!" मी ओरडलो.

आणि समोरच्या अंधारातनं म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय रं?"

मला काय माहीत, की ते भुयार नव्हतंच! जुन्या काळी घरोघरच्या हौदांना पाणी न्यायची ती वाट. दुष्काळात कोरडी पडलेली. माझा आवाज शेजारणीच्या रिकाम्या हौदातनं वर निघत होता.

"मी मिरजेचा!"

"मिरजंचा? आन् आलास कुटनं?"

"खालनं! भुयारातनं!"

"आगं बया! मिरजंस्नं खालनं आलाय गं!"

झालं! वर नुसता गलका. "भुयार मिरजंपतुर हाय व्हय?" "कवा निगालास रं लेकरा?" "तिकडं पाऊस झाला का?" इथं माझा जीव चाललाय आणि ह्यांना पावसाची चौकशी! कुणीतरी तर हौदात भाकरी टाकली. धप्प!

"आवं, मी मुलगी बघायला आलोय!" मी रडकुंडीला येऊन ओरडलो.

मग म्हातारी म्हणाली, "एवड्या लांब? मिरजंत पोरी न्हाईत व्हय?"

शेवटी मामांनी मागनं येऊन माझे पाय धरले आणि ओढलं. अर्धा कोट आतच राहिला. बाहेर आलो तर तोंडभर जळमटं, अंगणात अख्खी गल्ली, आणि शालन हसून हसून खाली बसलेली.

"चल गड्या, एष्टी गाठू," मामा पुटपुटले. "हितलं जमत न्हाई आता."

पुढं दारात टपालवाला दिसला की मी मागच्या दारानं सटकायचो. पण निरोप आला तो होकाराचा! शालन म्हणे वडलांना म्हणाली, "जीव घाबरा झाला तरी मानूस समदं खरंच सांगत हुता."

दिवाळसणाला गेलो. हौद, पाण्याची वाट, सगळं गल्लीला नीट समजावलं. मास्तरच मी! म्हातारीनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "व्हय जावईबापू, मग ह्या टायमाला एष्टीनं आलासा, का खालनंच?"

मी वैतागून म्हणालो, "एष्टीनं, आजी. खाली लय गर्दी होती."

थट्टा केली हो! पण संध्याकाळी गल्लीतली दोन माणसं सासऱ्यांच्या दारात हजर. मिरजेच्या दवाखान्यात जायचं होतं त्यांना. विचारत होती, "खालनं गर्दी कवा कमी असती, मास्तर?"