खिडकीपर्यंत कापूस

"सर, ही खोली नाही, गोदाम आहे," मी ब्रँच मॅनेजरना फोनवर ठणकावून सांगितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

आर्णीजवळच्या एका तांड्यावर इन्स्पेक्शनला गेलो होतो. आमची कंपनी छोटी गृहकर्जं देते. कुणाला पक्कं छत हवं असतं, कुणाला एखादी जास्तीची खोली. पैसे एकदम मिळत नाहीत. झालेलं काम बघून पुढचा हप्ता सुटतो, आणि बघणारा मी. कर्ज फक्त राहत्या घरासाठी, हा नियम मला इतका पाठ होता, की डोळे वापरायची गरजच पडत नसे.

शांताबाई राठोडांची नवी खोली झकास झाली होती. पण आत खिडकीपर्यंत कापूस! उरलेल्या हप्त्यातून खोलीला लागून न्हाणी आणि संडास व्हायचा होता. तोच मी अडवला.

शांताबाई भांडल्या नाहीत. चहा दिला. मग म्हणाल्या, "साहेब, पोरगी पह्यल्या बाळंतपणाले येनार हाये. ओली बाळंतीण वावरात जाईन काय?"

मला वाईट वाटलं. तरी साहेबी सुटेना. "मग खोलीत कापूस काहून भरला?"

"भाव नाही म्हून. जुनं घर गळते. भिजला तं कोन घेईन? तुमचं गाव कोनतं?"

"बोरी अरब."

"तुमच्या घरी कापूस कुठी ठेवत होते?"

"घरातच."

"अन् तुमी कुठी झोपत होते?"

मी कप खाली ठेवला. "त्याच्यावरच," मी म्हणालो.

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्याच रिपोर्टप्रमाणे माझं अख्खं बालपण गोदामात गेलं होतं. मी तिथूनच परत फोन लावला.

"सर, खोलीच आहे."

"आत्ता तर गोदाम होतं!"

"चुकलो सर."

"मग फरशीचा फोटो पाठव."

फरशी कापसाखाली. शांताबाई, त्यांचे यजमान आणि मी कापूस एका बाजूला लोटायला लागलो. इस्त्रीच्या शर्टासकट मी कमरेपर्यंत रुतलो. दोघांनी हात धरून ओढून काढलं. फोटो पाठवून परतताना आर्णीच्या चौकात लोक माझ्याकडे बघत होते, कारण केसांपासून बुटांपर्यंत मी पांढरा झालो होतो.

हप्ता सुटला. लेक यायच्या आधी न्हाणीला दार लागलं. शेवटच्या इन्स्पेक्शनला गेलो तेव्हा कापूस विकला गेला होता, खोलीत शेकशेगडीचा धूर होता आणि बाजेवर बाळ झोपलं होतं. मला फार बरं वाटलं.

आता मोजपट्टी काढायच्या आधी मी विचारतो, "इथं झोपणार कोण?" उत्तर मिळालं की निम्मं इन्स्पेक्शन होतं. उरलेलं निम्मं मॅनेजरना समजावण्यात जातं.