पहिल्या फ्रॉकचं माप

आमची वहिनी शिवणकाम करते आणि एकही पासवर्ड लिहून ठेवत नाही. तिचे पासवर्ड म्हणजे घरच्यांची मापं! बँकेला दादाचा शर्ट, गॅसला बाबांचा पायजमा आणि विजेच्या बिलाला चक्क माझी कंबर. मी भडकले तर म्हणते कशी, "वन्सं, तुमची कंबर कोण ओळखणार? दर महिन्याला बदलते." आता सगळे पासवर्ड बदललेत हो, उगाच डोकं चालवू नका.

परवा मात्र तिच्या या हुशारीने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. तिच्या लेकीला, माझ्या भाचीला, जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला! मी तर घरभर नाचत होते. जागा पक्की करायचा सांकेतिक आकडा वहिनीच्या ईमेलवर येणार होता, तो संध्याकाळच्या आत कॉलेजच्या अर्जात भरायचा होता. आणि वहिनीच्या नव्याकोऱ्या फोनने नेमका तेव्हाच पासवर्ड मागितला. 'विसरले' म्हणावं तर संदेश जुन्या नंबरवर जाणार, तो केव्हाच बंद पडलेला. जागा गेली की पोरीचं वर्ष गेलं.

"ईमेलला कुणाचं माप लावलंयस?" मी ओरडलेच.

"हिच्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकचं. उंची, छाती, खांदा."

तिने आठवून टाकलं. चुकलं. शाळा उघडताना ढीगभर गणवेश शिवणारी बाई ती, एक फ्रॉक कुठला लक्षात राहायला! भाची रडकुंडीला आली. तेवढ्यात वहिनी ताडकन उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून तो फ्रॉकच काढून आणला. जपून ठेवला होता बाईने! टेबलावर पसरला, टेप लावली, आकडे टाकले.

पुन्हा चूक. आणखी एकदा चुकलात तर खातं उद्यापर्यंत बंद, असं फोन वर तोंड करून सांगायला लागला.

वहिनी फ्रॉककडे बघत राहिली आणि एकदम कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा मी वाढवलाय! ही भराभर उंच होत होती, दरवर्षी उसवून सोडायचे."

तिने फ्रॉक उलटा केला. खालच्या दुमडीच्या वर जुन्या शिवणीच्या दोन फिकट रेघा होत्या. वरची पहिली. बगलेतही सुईची बारीक भोकं सापडली. खांद्याला हात लावलेला नव्हता. तिने पहिल्या शिवणीपासून मापं घेतली, मी आकडे टाकले.

उघडलं! अहो, उघडलं! आकडा आला, भरला, जागा पक्की झाली. मी वहिनीला मिठी मारली, भाचीने आम्हा दोघींना.

"आता पासवर्ड बदलते," म्हणत वहिनीने टेप उचलली. "ये इकडे, तुझं आत्ताचं माप घेते."

भाचीने टेप तिच्या हातातून काढून घेतली. "माझं नको. तुझं लावू. तिकडे हॉस्टेलवर मला ते तोंडपाठ पाहिजे."

वहिनी गडबडली. तिचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं. स्वतःचे कपडे ती अंदाजाने बेतायची. ती आक्रसून उभी राहिली, पदराने डोळे पुसायला लागली.

"हात खाली," भाची आईच्याच आवाजात दटावून म्हणाली. "ताठ उभी राहा. खोटं माप देऊ नकोस."